बिल चौदा महिने अडकलंय आणि पेपरात अर्थव्यवस्था सुसाट. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

वेल्डिंग_भांडुप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

भांडुपला माझा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. मी, तीन वेल्डर, एक हेल्पर आणि पावडर कोटिंगला ने-आण करणारा एक पोरगा. गेट, ग्रिल, रॅक, टाकीचे स्टँड अशी कामं. २०२४ च्या उन्हाळ्यात एका सरकारी कार्यालयाकडून शाळेच्या बाकांची ऑर्डर मिळाली. दोघांनी बसायचे बाक, २६० नग, नगाला ४,८०० रुपये. आमच्या गाळ्याला एवढी ऑर्डर पहिल्यांदाच. विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत माल पोचवा म्हणून रोज फोन यायचे. गणपतीतसुद्धा गाळा बंद ठेवला नाही. सप्टेंबरात शेवटचा टेम्पो गेला. चलनावर सही-शिक्का झाला, तपासणी झाली, एकही बाक परत आला नाही.

आज, नोव्हेंबर २०२५ ला, चौदा महिने झाले, एक रुपया आलेला नाही. गेलं की एकच उत्तर, 'ग्रँट नाही'. साहेब वाईट माणूस नाही. चहा पाजतो, बीम्सची, म्हणजे सरकारी निधीवाटपाच्या संगणक प्रणालीची, स्क्रीन फिरवून दाखवतो. माझ्या हेडसमोर, म्हणजे ज्या खात्यातून बिल निघायचं त्यासमोर, शून्य.

हिशेब सांगतो. एका बाकामागे साडेचारशे सुटणार होते, म्हणजे एक लाख सतरा हजार. बँकेच्या ओडीवर (ओव्हरड्राफ्टवर) साडेतेरा टक्क्यांनी उचललेल्या पैशाचं व्याजच आजवर पावणेदोन लाखांच्या घरात गेलंय. शिवाय बिल काढलं म्हणून जीएसटी भरला तो वेगळाच. म्हणजे हे काम मी पदरचे पैसे घालून केलं.

आता प्रश्न. एका पानावर वाचतो की राज्यावर नऊ लाख कोटींचं कर्ज, तूट वाढली, सरकारने हात आखडावा. दुसऱ्या पानावर एप्रिल ते जूनमध्ये देशाचा जीडीपी ७.८ टक्क्यांनी वाढला. सरकार जास्त खर्च करतंय म्हणावं तर माझे पैसे का नाहीत? अर्थव्यवस्था सावरली म्हणावं तर आमच्या इस्टेटीत तीन गाळ्यांवर भाड्याने देण्याच्या पाट्या का? जाणकारांनी समजावून सांगा.

---

सडेतोड_शिवडी

समजावण्यासारखं काही नाही दादा. निवडणुकीआधी वाटप झालं, आता तिजोरीत खडखडाट. लाडक्या बहिणीला २०२४ मध्ये वर्षाचे ४६ हजार कोटी धरले होते. तेवढ्यात तुमच्यासारख्या हजारो लोकांची बिलं फिटली असती. राजकारण्यांच्या दानशूरपणाची किंमत कष्टकरी माणूस मोजतोय.

---

एमपीएससी_नेरुळ

वाचतेय. दादा, तुमच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. एक प्रश्न, परीक्षेतही येतो म्हणून विचारते: महसुली तूट आणि राजकोषीय तूट यातला फरक कोणी घरगुती भाषेत सांगेल का?

---

मंगळवारचा_लिलाव

नेरुळच्या ताई, सांगतो. घरात पगार पन्नास हजार आणि किराणा, फी, लाइट बिल, जुन्या कर्जाचं व्याज मिळून खर्च पंचावन्न हजार. हे वरचे पाच हजार म्हणजे महसुली तूट. त्यात घराला नवं छप्पर घालायला आणखी पंधरा हजार लागले आणि एकूण वीस हजार उसने आणले, तर ती वीस हजारांची राजकोषीय तूट. छपरासाठी उसने आणले तर घर टिकतं. किराण्यासाठी आणले तर पुढच्या महिन्यात पुन्हा आणावे लागतात.

आपल्या राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा. महसुली तूट ४५,८९१ कोटी, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटी, मार्च २०२६ अखेर कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी असा अंदाज. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण राज्याचं सकल उत्पन्नही ४९ लाख कोटींच्या वर आहे. म्हणजे तूट पावणेतीन टक्के, कर्ज १९ टक्क्यांच्या आत. कागदावर महाराष्ट्र शहाण्या राज्यांत मोडतो.

मी एका बँकेच्या ट्रेझरीत एकतीस वर्षं काढली, बहुतेक सगळी फोर्टात. राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव मंगळवारी असतो. साडेदहा ते साडेअकरा बोली लावायच्या. त्या एका तासात डीलिंग रूममध्ये कोणी चहाचा कप उचलायचं नाही. महाराष्ट्राचा कागद आला की आम्ही निर्धास्त बोली लावायचो, दोन-चार पैशांनी कमी व्याजदरातही घ्यायचो. त्यामुळे राज्य बुडायला आलंय असं कोणी म्हटलं तर मला पटत नाही. तरी धागाकर्त्यांचे पैसे अडकलेत हेही खरं, आणि ते माझ्या वरच्या टक्केवारीत कुठेच दिसत नाही, हे मला आत्ता लिहिताना टोचतंय.

---

पोळीभाजी_डोंबिवली

सडेतोड भाऊ, बोलल्याशिवाय राहवत नाही. माझं पोळीभाजी केंद्र आहे, माझ्याकडे चार बायका लाटायला येतात. त्यांतल्या तिघींना ते पंधराशे मिळतात. एकीने त्यातून मुलाच्या क्लासची फी भरली. दुसरी पहिल्यांदा स्वतःच्या खात्याचं पासबुक घेऊन एकटी बँकेत गेली. घरी नवऱ्याकडे रिक्षाच्या भाड्याला हात पसरायची ती बाई. तिसरीने गॅसची शेगडी घेतली, तीही इथल्याच दुकानातून. तो पैसा परदेशी गेला नाही, माझ्या गल्लीतच फिरला. दादांचं बिल मिळायलाच हवं, पण त्यासाठी या बायकांकडे बोट का?

---

सडेतोड_शिवडी

ताई, मी त्या बायकांना दोष देत नाही. प्रश्न पैशाचा आहे. पंधराशे गुणिले बारा म्हणजे १८ हजार, गुणिले दोन कोटी बायका म्हणजे ३६ हजार कोटी. या वर्षी तेवढीच तरतूद आहे. आणि यादीत दोन कोटींहून जास्त लाभार्थी. पुरणार कसे? जुलैमध्ये २६ लाखांवर खाती थांबवली, त्यात चौदा हजारांच्या वर पुरुष निघाले! आधी छाननी केली असती तर? मे महिन्यात सामाजिक न्याय आणि आदिवासी खात्याचे पैसे इकडे वळवले म्हणून खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी उघड नाराजी सांगितली होती. म्हणजे एका गरिबाच्या ताटातलं दुसऱ्या गरिबाच्या ताटात. याला माझा विरोध आहे आणि राहील.

---

पोळीभाजी_डोंबिवली

छाननीचं मान्य. ताटाचंही मान्य. पण मग आनंदाचा शिधाही थांबला तो? २०२२ च्या दिवाळीत सुरू झाला होता. शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, पामतेल. यंदा ना गणपतीत, ना दिवाळीत. आमच्या लाटणाऱ्या बायकांपैकी एक विचारत होती, 'ताई, रेशनवर पिशवी कधी येणार?' करंज्या केल्या तिने, पण निम्म्याच. पैसे नसले की पहिली कात्री कुठे लागते ते बघा.

---

ठाण्याचा_सीए

धागाकर्ते, मोठ्या चर्चेत तुमचं काम मागे पडायला नको म्हणून आधी कामाचं बोलतो.

तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) आहे का, आणि ती माल देण्याच्या आधीची आहे का? असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. सरकारी कार्यालय झालं म्हणून सूट नाही. त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो, तो सुविधा परिषदेपुढे, म्हणजे थकीत पैशांचे असे वाद सोडवणाऱ्या मंडळापुढे, जातो. बाक हा तयार माल आहे, बांधकामाचा ठेका नाही, ही तुमची जमेची बाजू. ठेक्यांच्या बाबतीत हा कायदा लागू होतो की नाही यावर कोर्टात बराच काथ्याकूट होतो.

जीएसटीबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. बिल काढलं की कर देय होतो, पैसे आले की नाही हे कोणी विचारत नाही. माझ्याकडे अशी सहा-सात अशिलं आहेत. सरकारकडून येणं बाकी आहे आणि त्याच येण्यावरचा कर सरकारला भरलेला आहे. रिटर्न भरताना माझाच हात अडखळतो.

---

वेल्डिंग_भांडुप

उद्यम आहे साहेब, २०२१ ची. ४५ दिवसांचं ऐकून होतो, पण सगळे म्हणतात सरकारशी भांडलास तर पुढची ऑर्डर विसर. म्हणून गप्प राहिलो.

---

घाटकोपर_फास्ट

मागची ऑर्डर चौदा महिने फुकट, मग पुढची ऑर्डर हवीच कशाला दादा!

---

गिरणगावची_लेक

धागा वाचताना थांबले, कारण 'सावरली' या शब्दाशी माझं जुनं देणं-घेणं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. माझे वडील वीव्हिंग खात्यात होते, लोअर परळला. मी तेव्हा सातवीत. संप कोणी मागे घेतल्याचं आम्हाला कधी कळलंच नाही, तो नुसता विरत गेला. वडील आधी गावी भातलावणीला गेले, मग परत येऊन एका सोसायटीत वॉचमन झाले. आईने खानावळ चालवली, सहा डबे ते बावीस डबे. आमच्या खोलीत अकरा वाजेपर्यंत स्टोव्हचा आवाज असायचा, त्या आवाजातच मी दहावीचा अभ्यास केला.

त्यानंतर मुंबई सावरली की. आकड्यांत तर कितीतरी पटीने. त्याच गिरणीच्या जागेवर आज काचेची इमारत आहे, माझी भाची तिथे नोकरी करते. चांगली नोकरी आहे, मला अभिमान आहे तिचा. पण सावरली ती जमीन. माझे वडील सावरले नाहीत. जे गेले ते वेगळे आणि ज्यांचं भलं झालं ते वेगळे, मधल्या वीस वर्षांत कोणी कोणाला ओळखत नव्हतं. म्हणून जीडीपी ७.८ टक्के म्हटलं की मी विचारते, कोणाचा? भांडुपच्या इस्टेटीतले तीन गाळे बंद आणि त्याच जागी उद्या गोदाम आलं तर आकडा वाढलेलाच दिसेल. त्या तीन गाळ्यांतली माणसं कुठे गेली ते आकड्यात येत नाही.

---

मसाला_कांदेपोहे

ताई, डोळ्यांत पाणी आलं. आमचेही आजोबा गिरणीतले, काळाचौकीचे.

---

अभियंता_मुलुंड

भावनेचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. खर्च होतोय आणि तो दिसतोयही. केंद्राचा भांडवली खर्च २०२०-२१ मध्ये सव्वाचार लाख कोटी होता, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ११ लाख २१ हजार कोटी. अटल सेतू झाला, मेट्रो तीन आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. शिवाय कोविडच्या वर्षी केंद्राची तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली होती, या वर्षीचं लक्ष्य ४.४. म्हणजे खर्चाचा दर्जा सुधारला आणि तूटही उतरली. देशाचं पतमानांकन उगाच वाढवलं का ऑगस्टमध्ये? पुलावरून माल लवकर पोचला तर त्याचा फायदा भांडुपच्या गाळ्यालाही होतोच, जरा वेळ लागतो एवढंच.

---

वेल्डिंग_भांडुप

अभियंता साहेब, मेट्रो मलाही आवडते. आईला घेऊन सिद्धिविनायकला गेलो होतो, तिला जिन्यांचा त्रास झाला नाही. पण पुलाचं काम मोठ्या कंपनीकडे, सेगमेंट कास्टिंग यार्डात, क्रेन भाड्याची. आमच्यासारख्याच्या वाट्याला येतो तो बॅरिकेडचा पत्रा, तोही तिसऱ्या हाताने. शाळेचा बाक, दवाखान्याचा खाट-स्टँड, अंगणवाडीची खिडकी, हा खर्च आमच्या गल्लीत येतो. आणि कात्री नेमकी तिथेच लागते.

---

कोरडवाहू_लातूर (सध्या मुक्काम चेंबूर)

वेल्डिंगदादांनी नेमकं बोट ठेवलं. खर्च किती यापेक्षा कोणाच्या दारात उतरतो ते बघा. आमच्याकडची गोष्ट सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. मिलो ज्वारी आणि सुकडीवर घर चाललं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राने रोजगार हमी सुरू केली, पुढे १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. देशाने तसा कायदा केला तो २००५ मध्ये. पण पैसा कुठून आणला? १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर 'पीटी २००' अशी ओळ असते ना, फेब्रुवारीत ३००? तीच. मुंबईतल्या गिरणी कामगाराच्या, बँकेतल्या कारकुनाच्या पगारातून तो कापला जायचा आणि तेवढीच भर सरकार घालायचं. म्हणजे गिरणगावच्या ताईंच्या वडिलांच्या पगारातला हिस्सा माझ्या आजीच्या मजुरीत होता. आजीने बांधलेल्या पाझर तलावाखाली आमची विहीर आहे, अजून पाणी आहे तिला.

यंदा सप्टेंबरात आमच्याकडे सोयाबीन पाण्याखाली गेलं. मांजरा दुथडी भरून वाहत होती, शेतात कमरेएवढं पाणी. सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. तेव्हाही काही लोक म्हणाले, तूट वाढेल. वाढू द्या की! ज्या वर्षी माणूस बुडतो त्या वर्षी सरकारनेही हात राखला तर सरकार पाहिजे कशाला?

---

गिरणगावची_लेक

लातूरदादा, हे मला माहीतच नव्हतं. वडिलांच्या पगाराच्या चिठ्ठ्या अजून ट्रंकेत आहेत. आज काढून बघते.

---

सडेतोड_शिवडी

रोजगार हमीबद्दल आदरच आहे. पण फरक लक्षात घ्या. तिथे कामाच्या बदल्यात मजुरी होती, वर तलाव उरला आणि त्यासाठी वेगळा कर लावला होता. खर्च सांगितला तसा पैसाही सांगितला. आज खर्च जाहीर होतो, पैशाचं कोणी बोलत नाही. जूनच्या शेवटी ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या. अर्थसंकल्प मार्चमध्ये झाला आणि चार महिन्यांत पुरवणी! माझं म्हणणं एवढंच आहे.

---

पोळीभाजी_डोंबिवली

आता हे म्हणणं मला पटलं भाऊ. आधी असंच बोलला असतात तर मी लाटणं बाजूला ठेवून भांडायला आले नसते.

---

डबलडेकर_प्रेमी

अवांतर: तूट म्हटलं की मला बेस्ट आठवते. मे महिन्यात किमान भाडं पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. तोट्यातला उपक्रम म्हणून पालिका अनुदान देते, या वर्षी हजार कोटी. तरी स्वतःच्या बस घटत चालल्यात. माझ्या स्टॉपवर सकाळी आठला जी रांग लागते त्यात घरकाम करणाऱ्या बायका जास्त. जाऊन-येऊन दहा रुपये वाढले, महिन्याला अडीचशे. बसचा तोटा कमी झाला तो त्यांच्या पर्समधून.

---

अभियंता_मुलुंड

बेस्टच्या मुद्द्याला अनुमोदन. अवांतरात अवांतर: पालिकेच्या ठेवी २०२२ च्या सुमारास ९० हजार कोटींच्या वर होत्या, आता ८० हजारांच्या आसपास. मोठी कामं काढली की त्या उतरणारच. जकात २०१७ मध्ये गेल्यापासून हक्काचं मोठं उत्पन्नही राहिलं नाही, राज्याच्या भरपाईवर भिस्त. ही चर्चा वेगळ्या धाग्यावर व्हायला हवी.

---

मंगळवारचा_लिलाव

जुन्या माणसाला एक आठवण सांगू द्या. १९९०-९१ मध्ये केंद्राची तूट जीडीपीच्या आठ टक्क्यांच्या आसपास गेली होती आणि परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतंच उरलं होतं. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इथून, मुंबईतून, सुमारे ४७ टन सोनं विमानाने इंग्लंडला पाठवलं. मी तेव्हा नवखा अधिकारी. बातमी कळल्यावर आमचे मॅनेजर दुपारी जेवलेच नाहीत. 'घरातलं डोरलं गहाण पडलं रे' म्हणाले. तेव्हापासून मी तुटीला घाबरतो. लातूरच्या मित्राचं म्हणणं मान्य, संकटात खर्च केलाच पाहिजे. पण सुगीच्या दिवसांत परतफेडीची सवय नसेल तर संकटात कोणी उधार देत नाही.

---

निवृत्त_लेखाधिकारी

दोन दिवस वाचत होतो. मूळ प्रश्नाचं उत्तर कोणी दिलेलं नाही, म्हणून लिहितो. माझी सगळी नोकरी कोषागार आणि लेखा विभागात गेली.

सरकारचा हिशेब रोखीचा असतो. म्हणजे पैसा कोषागारातून बाहेर पडला त्या दिवशी खर्च झाला असं धरतात. माल आला, वापरात आला, बिल मंजूर झालं, पण पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षाच्या हिशेबात येतच नाही. मंगळवारच्या लिलाववाल्यांनी सांगितलेली पावणेतीन टक्क्यांची तूट आहे ना, त्यात भांडुपच्या २६० बाकांचा एक पैसाही नाही. मुलं त्या बाकांवर चौदा महिने बसतायत, पण सरकारच्या वहीत ते बाक अजून घेतलेलेच नाहीत.

म्हणून धागाकर्त्यांना दोन्ही बातम्या एकदम खऱ्या वाटतात. त्या दोन्ही खऱ्याच आहेत. तूट मर्यादेत आहे, कारण तिचा एक तुकडा तुमच्या ओडी खात्यात ठेवलाय.

आता यातली खरी वाईट गोष्ट सांगतो. राज्य सरकारला बाजारात सात टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळतं. तुम्हाला साडेतेराने. सरकारने स्वतः कर्ज काढून तुमचं बिल दिलं असतं तर ती तूट दिसली असती आणि व्याज सात टक्के लागलं असतं. न दिल्यामुळे तूट दिसत नाही आणि तेच कर्ज तुम्ही दुप्पट व्याजाने वाहताय. राज्य म्हणून सगळ्यांचा एकत्र विचार केला तर हा तोट्याचाच व्यवहार. राज्यातल्या कंत्राटदार संघटनांचा दावा सुमारे ८९ हजार कोटी थकल्याचा आहे. तो जसाच्या तसा धरू नका, पण त्याच्या निम्मा खरा असला तरी किती गाळे झाले ते मोजा.

मी नोकरीत असताना मार्चअखेरीला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बिलं पास केली आहेत आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून परतही केली आहेत. परत केलेल्या बिलावर एक छोटी चिठ्ठी लावायचो, 'निधीअभावी'. तो शब्द लिहिताना त्यामागे वेल्डर, हेल्पर, पोरगा असेल हे डोळ्यांसमोर यायचं नाही. यायला हवं होतं.

---

मंगळवारचा_लिलाव

लेखाधिकारी साहेब, दंडवत. एकतीस वर्षं मी सरकारचा कागद घेतला, पण न छापलेल्या कागदाचा विचार केला नव्हता. ८९ हजार कोटी तुटीत मिळवले तर आकडा साडेचार टक्क्यांवर जातो!

---

ठाण्याचा_सीए

काका, एक दुरुस्ती. थकबाकी अनेक वर्षांची साठलेली आहे, तूट एका वर्षाची. सरळ बेरीज करता येणार नाही. ती कर्जाच्या रकमेत मिळवा. त्या वर्षात थकबाकी जेवढी वाढली तेवढीच तुटीत धरायची. पण मुद्दा शंभर टक्के बरोबर. अर्थसंकल्पासोबत खातेनिहाय थकीत बिलांची यादी सभागृहात मांडली पाहिजे, कोणत्या वर्षाची किती, लहान उद्योगांची किती. एवढी एक गोष्ट झाली तरी 'पैसे आहेत की नाहीत' हा वाद अंदाजावर चालणार नाही.

---

मंगळवारचा_लिलाव

दुरुस्ती मान्य. घाईत चुकलो.

---

सडेतोड_शिवडी

यादीच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. आणि त्यात क्रम लावा: लहानाचं बिल आधी, मोठ्याचं नंतर.

---

एमपीएससी_नेरुळ

हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. 'निधीअभावी' वहीत लिहून घेतलं.

---

गिरणगावची_लेक

ट्रंक उघडली. जुलै १९८१ ची चिठ्ठी सापडली. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय, पण कपातीच्या रकान्यात 'व्यव. कर' आहे. लातूरदादा, तुमच्या आजींपर्यंत पोचला असेल तो.

---

कोरडवाहू_लातूर

ताई, आजीला फोन करून वाचून दाखवलं. तिला कर वगैरे कळलं नाही. 'त्या पोरीला म्हणावं हुरडा खायला ये,' एवढंच म्हणाली.

---

वेल्डिंग_भांडुप

आठवड्याने लिहितोय. सगळ्यांचे आभार, इतकं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

ठाण्याच्या साहेबांनी सांगितल्यावर पुरावे गोळा करायला ज्या शाळेत साठ बाक दिले होते तिथे गेलो. मुख्याध्यापक बाईंनी स्टॉक रजिस्टर काढून दिलं. त्यात आमच्या गाळ्याचं नाव, तारीख, नग सगळं नीट लिहिलेलं, त्याची झेरॉक्स घेतली. मग त्या म्हणाल्या, बघायचेत का तुमचे बाक? चौथीचा वर्ग चालू होता, मागून बघितलं. कोटिंग कुठेही उडालेलं नाही. एका बाकाची पाय ठेवायची पट्टी हलत होती. सुट्टीत बॅगेतला पाना काढला आणि नट आवळून आलो.

लेखाधिकारी साहेब, ओडीतला तुकडा परत मागायचा ठरवलंय. पुढची ऑर्डर गेली तर गेली. पोर्टलवर अर्ज भरायला बसलो, पण 'देय दिनांक' या रकान्यात कुठली तारीख टाकायची तिथे अडलोय. चलनाची, तपासणीची की बिलाची?

---

ठाण्याचा_सीए

माल स्वीकारल्याचा दिवस महत्त्वाचा. लेखी हरकत आली नसेल तर माल पोचल्याची तारीख, तिथून मोजायचं. ऑर्डरमध्ये मुदत लिहिली आहे का तेही बघावं लागेल, लिहिली असली तरी ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. आत्ता सबमिट करू नका. ऑर्डरची प्रत, सगळी चलनं, बिलं, उद्यम प्रमाणपत्र आणि ती झेरॉक्स घेऊन रविवारी दहाला या. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. फी नको.

---

निवृत्त_लेखाधिकारी

मीही येतो. बीम्सवरचं हेड काय आहे ते लिहून आणा, आकडे अचूक पाहिजेत.